स्लॅबवरची साठ मेंढरं

दुपारी दोन वाजता तात्या चपला जिन्यात काढून ठेवत आणि अनवाणी पायांनी गच्चीवर जात. चैत्रातलं ऊन डोक्यावर असे आणि आमची स्लॅब तव्यासारखी तापलेली. आबांच्या खोलीवर नेमके मध्यभागी ते उभे राहत, डोळे मिटून घेत आणि उजव्या हाताचं बोट हवेत नाचवत मोठ्याने मोजू लागत. पाय सोसेनासे झाले की टुणकन जिन्याच्या सावलीत उडी घेत आणि खाली वाकून ओरडत, "बाई, लिवा! अकरा मेंढरं!"

इरा आणि नील, तुम्ही त्यांना एकदाच पाहिलं आहे. तुम्ही डिसेंबरात आला होता तेव्हा ते तुमच्यासाठी हुरडा घेऊन आले होते आणि तुम्ही त्यांचं नाव 'शीप आजोबा' ठेवलं होतं. पण डिसेंबरातले तात्या हे खरे तात्या नव्हेत. तुमच्याकडे माणसं घर ऊबदार ठेवायला धडपडतात. आमच्या कराडात होळी झाली की वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला एकच विचार असतो, वरून उतरणारी आग कशी थोपवायची. सात उन्हाळे आमच्या घरी ते काम तात्यांनी केलं. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. काही जागी ती थांबेल, तर थांबू द्या.

तात्या मूळचे पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. एका वाईट दुष्काळात कळप गेला, तेव्हा ते इकडे नदीकाठी आले आणि गच्च्यांना चुना मारायचं काम करू लागले. त्यांच्या कळपात साठ मेंढरं होती. सकाळी जाळीच्या कुंपणातून ती एकेक बाहेर सोडताना ते ज्या लयीत मोजत, त्याच लयीत स्लॅबवर मोजत. चुना मारण्याआधी पाय दहा-बारा मेंढरांपर्यंत टिकत. चुन्याचे दोन हात झाले की पंचवीस, कधी तीस. चाळीसच्या आत आकडा आला, तर नुसत्या चुन्याने भागणार नाही, वर सावलीसाठी तट्टे घालायला हवेत, असा त्यांचा नियम होता. "आन सगळा कळप भाईर पडंस्तवर पाय टिकला," ते म्हणत, "तर समजा तुमच्या घरावर वडाचं झाड हाय." तसा आकडा कधीच आला नव्हता.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. माझा विश्वास लिहिलेल्या गोष्टींवर. माझी उन्हाळ्याची एक वही होती. तिच्यात तारीख, सकाळचं तापमान, दुपारचं तापमान असे रकाने आखलेले. तात्या आल्यावर मी चौथा रकाना आखला आणि वर शीर्षक लिहिलं, 'मेंढरं'. तुमचे आबा ते बघून तोंड फिरवून हसले होते. तेव्हा त्यांना नीट हसता येत होतं.

आबा धरणांवर काम केलेले इंजिनिअर. हे घर त्यांनी स्वतः आखलं, आणि वरची खोली तर केवळ एका खिडकीसाठी बांधली. त्या खिडकीतून कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळताना दिसतात. तात्या पहिल्यांदा ती खोली बघायला आले, तेव्हा वर छताकडे आणि मग आबांकडे बघून म्हणाले, "सायेब, एवढी धरणं बांधलीसा, पर सावली बांधायची इसरलासा की!" आबांना असं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यांना तो माणूस एकदम आवडला.

तात्यांची सारी विद्या मेंढरांकडून आलेली. चुन्यात मीठ किती, खळ किती, हे ते हाताने सांगत, पण का, हे मेंढरांवरून सांगत. "लय ऊन झालं की मेंढरू काय करतं? दुसऱ्या मेंढराच्या पोटाखाली डोकं घालतं. खालच्या मजल्याला वरच्याचं पोट हाय. वरच्याला कुणाचं हाय, बाई? त्येला पोट आपुन करायचं." हे पोट म्हणजे उसाच्या पाचटाचे तट्टे. विटांवर बांबू टाकून त्यावर ते तट्टे पसरत, पण तट्टा आणि स्लॅब यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी ठेवत. मी एकदा म्हटलं, "तात्या, एवढी फट कशाला? सरळ अंथरून टाका ना." ते म्हणाले, "मेंढराचं पोट कवा भुईला टेकलंय का? मधनं वारं जातंय म्हणून तर सावली गार हाय."

मग आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात आणि पलंगाची लोखंडी कड. एक टकटक म्हणजे पाणी, दोन म्हणजे खिडकी, तीन म्हणजे उकडतंय. ही भाषा आम्ही दोघांनी मिळून ठरवली आणि मी ती पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावली, म्हणजे कुणाचा घोळ नको. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या वयात, या औषधांवर, यांना थंडी-पावसापेक्षा उन्हाळा जपायला हवा. खोली तापू देऊ नका."

तुम्ही विचाराल, मग त्यांना खाली का नाही आणलं? खालच्या मजल्यात दोन पावसाळ्यांत नदी आली होती. भिंतींना कमरेपर्यंत ओल होती आणि त्या वासाने त्यांचा श्वास लागे. एसी लावून पाहिला. त्याने छाती भरून येई, शिवाय भर दुपारी व्होल्टेज पडलं की तो नुसता घरघरे. आणि खरं सांगायचं तर आबांनाच खाली यायचं नव्हतं. खाली नेऊ का, असं विचारलं की ते डाव्या हाताने दोनदा वाजवत. खिडकी. त्यांच्यापाशी उरलेली ती एकच गोष्ट होती. तेव्हा त्यांना त्या खिडकीशी ठेवायचं, तर ती खोली जगण्याजोगी राहायला हवी होती, आणि ते तात्यांच्या तळपायांवर होतं.

तात्या दर दुपारी मोजणी झाली की पलंगाशी येऊन आकडा सांगत. "सायेब, आज अठ्ठावीस. चार मेंढरं काल न्हवती, ती घावली बघा." आबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायची. त्या दोघांचं बोलणं असं चाले की एकाला वाचा नाही, हे मी विसरून जाई.

एकदा मात्र मी तात्यांशी भांडले. माझ्या तापमापकात काटा ठीक होता आणि ते म्हणत होते, खोली तापलीय. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. दाराजवळ, वाऱ्याच्या झोतात टांगलेल्या तापमापकाकडे बोट करून म्हणाले, "तुमचं यंत्र दारात हाय, बाई. सायेब पलंगावर हायत." मी रागाने तो काढला आणि पलंगाच्या उशाशी बांधला. अर्ध्या तासात पारा चार अंशांनी वर गेला. मी तो आकडा वहीत लिहिला. तात्या जिना उतरता उतरता म्हणाले, "साळंत पोरास्नी उन्हात उभं करत हुतासा न्हवं? मग योक डाव सोता या की वर, मेंढरं मोजायला." मी हसले, पण वर गेले नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, यंत्राचं आणि तात्यांचं जुळलं नाही तर तात्यांचं खरं मानायचं. शिकलेल्या बाईने एकदा हार मानली की ती जरा जास्तच मानते. माझं तसं झालं.

शेवटच्या वर्षी ते शिमग्यानंतर आले, तेव्हा बारीक झालेले दिसले. जिना चढून वर आले, तर डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा अनवाणी. दुसरी चप्पल तिसऱ्या पायरीवर पडलेली. मी गंमतीने म्हटलं, "तात्या, एक मेंढरू मागे राहिलं तुमचं!" त्यांनी खाली पाहिलं. चप्पल कुठे पडली हे त्यांनी शोधलं नाही. ते आपल्या पायाकडेच बघत राहिले, अनोळखी माणसाकडे बघावं तसे. मग हसून म्हणाले, "म्हातारपण हाय, बाई. डागदर म्हंतोय साकर झालीया. आता उसाच्या मुलखात येऊन ऱ्हायलो, साकर लागायचीच की!" मी त्या दिवसापासून त्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि मनात स्वतःला शाबासकी दिली. आबांच्या गोळ्या मी वारांप्रमाणे डब्यांत लावत होते, त्यांच्या पायाला फोड आला का, टाचेला भेग पडली का, हे रोज तपासत होते. समोरच्या माणसाच्या पायातून चप्पल निसटते आणि त्याला ते कळत नाही, याचा अर्थ मी विचारला नाही.

चुन्याचे दोन हात झाले. दुपारी दोनला तात्या वर गेले. मी खाली वही घेऊन बसले. अठ्ठावीस झाले, पस्तीस झाले, चाळीस झाले. आबा कान देऊन ऐकत होते. पन्नासला तात्यांचा आवाज चढला. "एकोणसाठ... साठ! सायेब, सगळा कळप गेला!" ते लहान मुलासारखे धावत खाली आले. "धरणापरीस मोठं काम झालं बघा यंदा. चुना असा बसलाय, की बर्फच. तट्टे नगोत, बाई."

आबांनी डाव्या हाताचा अंगठा वर केला. आणि मला आनंद झाला, पण तो आकड्याचा नव्हता. मला तट्टे कधीच आवडले नव्हते. त्यांत पाली होत, काड्या पाण्याच्या टाकीत पडत, आणि आजूबाजूच्या रानात पाचट पेटवलं की माझा जीव ठिणगीत अडकलेला असे. यंदा गच्ची स्वच्छ राहणार होती. मला मनातून जे हवं होतं, तेच तात्यांच्या तोंडून आलं. म्हणून मी दुसरं काही विचारलं नाही.

तात्या दुसऱ्या गच्च्यांच्या कामाला गेले. उशाशी बांधलेला तापमापक एक्केचाळीस दाखवत होता. मी चौथ्या रकान्यात 'साठ' लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यात, माझ्या सुवाच्य अक्षरात, 'यंत्र नादुरुस्त?' असं लिहिलं. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या पानावरचं प्रश्नचिन्हसुद्धा किती रेखीव आहे.

आबा वाजवत होते. तीन टकटक, परत तीन. मी ओला टॉवेल ठेवला, पंखा वाढवला. म्हटलं, "अहो, साठ मेंढरं आहेत यंदा. उगाच काय त्रास करून घेता?" दुसऱ्या दिवशीही तीन. तिसऱ्या दिवशी वाजवणं इतकं सारखं झालं, की मला वाटलं, आजारी माणूस हट्टी होतो तसे ते झाले आहेत. चौथ्या दिवशी दुपारी टकटक थांबली. मी समाधानाने स्वयंपाकघरातून वर गेले, तर त्यांचं अंग कोरडं आणि भाजून निघाल्यासारखं होतं आणि डोळे माझ्यावर ठरत नव्हते.

शेजारच्या चौघांनी त्यांना खुर्चीतून खाली उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची फाइल न्यायला घरी आले. फाइल घेतली आणि का कोण जाणे, खाली जाण्याऐवजी गच्चीवर गेले. चपला जिन्यात काढल्या. आबांच्या खोलीवर नेमकी मध्यभागी जाऊन उभी राहिले आणि मोजायला लागले. सातला मी सावलीत उडी मारली. तळपाय जळत होते. तेव्हा मला ते दिसलं. मी जिथे उभी होते, तिथेच पांढऱ्या चुन्यावर दोन तांबूस पावलं उमटलेली होती. कातडीची एक पातळ साल टाचेच्या जागी चिकटून वाळली होती.

मी तात्यांच्या घरी गेले, ती भांडायला. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. गावाबाहेर दोन खोल्यांचं त्यांचं घर होतं. ते बाजेवर पडले होते, दोन्ही पाय फडक्यात गुंडाळलेले, आणि सून वारा घालत होती. मला बघून त्यांनी उठायची धडपड केली. "सायेब कसं हायत?"

मी सांगितलं.

ते परत बाजेवर टेकले. मग म्हणाले, "किती म्हनलो हुतो मी?"

"साठ."

"आन तुमाला किती आलं?"

"सात."

सुनेचा हात थांबला. तात्या हळू आवाजात म्हणाले, "पाय खोटं बोललं न्हाईत, बाई. गप बसलं. मला वाटलं, गार हाय." आणि मग, "तुमचं यंत्र काय म्हनत हुतं?"

"एक्केचाळीस."

"मग त्येचं का न्हाई ऐकलंसा?"

"तुमचं ऐकलं," मी म्हटलं. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही मला आठवलं नाही. मी त्यांच्या सुनेच्या हातातला पंखा घेतला आणि ती चहा करेपर्यंत वारा घालत बसले.

आबा परत आले, पण खालच्या मजल्यावर. वर न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भिंती खरवडून घेतल्या, रंग दिला, तरी वास राहिलाच. ते कधीकधी दोनदा वाजवत, आणि मी खालची खिडकी उघडत असे. तिच्यातून शेजारच्यांची भिंत दिसते. श्रावणात ते गेले. हृदय आधीच थकलेलं होतं, उन्हाळा नसता तरी सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते दयाळू आहेत. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते, आणि काही दिवशी जमतं.

तात्यांचा उजवा पाय सांगलीला नेऊन गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर मुलाने त्यांना पूर्वेकडे, मूळ गावी नेलं. निरोप घ्यायला ते आमच्या दारापर्यंत गाडीतून आले, पण उतरले नाहीत. जिन्याकडे बघून म्हणाले, "बाई, आता तुमीच जावा वर. इंग्रजीत मोजलं तरी चालंल. पर मेंढरं मोजायची, शेकंद मोजायचं न्हाईत. शेकंदाला घाई असती."

तेव्हापासून होळी झाली की मी एका माणसाकडून चुन्याचे दोन हात मारून घेते आणि दुपारी दोनला अनवाणी वर जाते. तुमची आई फोनवर रागावते. म्हणते, त्या खोलीत आता कोण झोपतं, या वयात हा उद्योग कशाला? तिला मी सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. मला ती खोली एकदा तरी आबांना जशी हवी होती तशी करून ठेवायची आहे. शिवाय तुम्ही नेहमी डिसेंबरात येता, कारण मे महिन्यात इथे राहता येत नाही असं तुम्हाला सांगितलं गेलं आहे. मोजणी झाली की मी तात्यांना फोन करायची. ते नमस्कारसुद्धा न करता विचारत, "किती?" मी म्हणे, "बावीस." ते म्हणत, "मग तट्टे घाला. आन वीतभर जागा सोडा मधी." बोलणं संपलं. आबांचं नाव आम्ही काढत नसू.

यंदा फोन सुनेने उचलला. म्हणाली, "मामा गेलं, बाई. संक्रांतीच्या पुढं-मागं. तुमाला कळवायचं ऱ्हायलं, माफ करा." मी काहीतरी बोलले. फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा म्हनलं हुतं, बाईंचा फोन येईल, तर आकडा इचारून घे."

"एकोणीस," मी म्हटलं.

पलीकडे कुठेतरी मेंढरू ओरडलं, एखाददुसरं त्यांच्या दारात असेल. मग तिने संकोचाने विचारलं, "म्हंजी चांगलं का वाईट, बाई? त्यास्नी कळायचं. आमाला त्यातलं काय म्हाईत न्हाई."

"एकोणीस म्हणजे तट्टे घालायला हवेत," मी म्हटलं, आणि पाचट आणायला सांगायचं म्हणून फोन ठेवला.